मैदानाचं विमान धावपट्टीवर

काटई-बदलापूर रस्त्याने खोणी मागे टाकून अंबरनाथकडे येताना नेवाळी नाका लागतो. कल्याणहून मलंगगडाकडे जाणारा रस्ता इथेच आडवा येतो. नाक्याच्या आसपास जी मोठी मोकळी जमीन पसरली आहे, तिला जुनी माणसं आजही विमानतळाची जागा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन इथे लष्करी धावपट्टी केली. त्याच धामधुमीत शेजारी कल्याणची लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्पांचे नंबर मात्र अजून टिकून आहेत. धावपट्टीची जमीन नौदलाकडे गेली. ती परत मिळावी म्हणून २२ जून २०१७ रोजी नेवाळीत आंदोलन कसं पेटलं होतं, ते या भागातल्या कुणाला सांगायला नको.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न मोठा आहे, पण इथे बोलायचं आहे ते धावपट्टी नावाच्या वस्तूबद्दल. आपल्याला वाटतं, धावपट्टी म्हणजे विमानाची सोय. त्या काळच्या विमानाला ती निम्मी सोय होती आणि निम्मी अडचण. कारण १९४०च्या आसपासची बहुतेक विमानं, मग ते शिकाऊ टायगर मॉथ असो, हार्वर्ड असो, हरिकेन-स्पिटफायरसारखं लढाऊ विमान असो की माल आणि माणसं वाहणारं डाकोटा, शेपटीवर टेकून उभी राहात. पंखांखाली पुढे दोन मोठी चाकं, मागे शेपटीला एक चिमुकलं चाक किंवा नुसता दांडका. नाक आभाळाकडे. वैमानिक आत बसला की समोर फक्त इंजिनाचं झाकण दिसायचं. या जातीच्या विमानाला वैमानिक टेलड्रॅगर म्हणतात. आज आपण ज्या विमानांतून प्रवास करतो त्यांचं तिसरं चाक नाकाखाली असतं.

शेपटीला चाक लावण्यामागे साधा हिशोब होता. विमानं उतरायची ती गवताळ माळावर, खाजणात, फार तर रोलर फिरवलेल्या मैदानावर. नाकाखालचं चाक खड्ड्यात अडकलं तर दांडी मोडून विमान नाकावर आपटणार. त्यापेक्षा पुढची दोन चाकं दणकट करा आणि मागे काहीतरी हलकं टेकू द्या. नाक वर राहिल्यामुळे पंख्याचं पातं गवतापासून, दगडांपासून लांब राहतं. वजनही वाचतं. सुरुवातीच्या विमानांत तर मागे चाकही नसायचं. लोखंडी पट्टी लावलेला एक दांडका जमिनीवरून घासत यायचा. टायगर मॉथला हाच दांडका होता आणि ब्रेक नव्हते. मातीत रुतणारा दांडका हाच ब्रेक. सिमेंटवर तो नुसता खरवडत जाणार, थांबवणार नाही.

आपल्याकडचं पहिलं ठळक उदाहरण जुहूचं. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा. जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजी, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ते पुस मॉथ विमान याच जातीचं. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पुढच्या चाकांचे रुंद, चपटे पाय वैमानिकाला हवेतच आडवे फिरवता येत, म्हणजे ते वाऱ्याला अडून विमानाचा वेग कमी करत. जुहूची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून टाटांच्या टपाल सेवेला पावसाळ्यापुरतं बिऱ्हाड पुण्याला न्यावं लागे.

अशा मैदानाचा मोठा गुण म्हणजे त्याला दिशा नसते. वाऱ्याची पिशवी जिकडे फुगली असेल त्याच्या उलट्या दिशेला, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून कुठूनही उडावं, कुठेही उतरावं. आडव्या वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. धावपट्टी आली आणि हे स्वातंत्र्य गेलं. जड विमानांना पक्की जमीन हवी होती, पावसाळ्यात तर हवीच होती. पण पक्की जमीन चहूबाजूंनी करता येत नाही, एखादी अरुंद पट्टीच करता येते. पट्टी एकदा घातली की तिची दिशा कायमची. वारा मात्र कल्याण-बदलापूरच्या टापूत पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून, उन्हाळ्याच्या दुपारी खाडीकडून, थंडीच्या पहाटे घाटाकडून. त्यामुळे वर्षातले बरेच दिवस तो पट्टीला तिरपा लागणारच, आणि टेलड्रॅगरला तिरपा वारा अजिबात सोसत नाही.

का सोसत नाही, ते समजायला मॉलमधली सामानाची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. तिची फिरती चाकं पुढे, न फिरणारी मागे. सरळ ढकलली तर आज्ञाधारक. आता तीच भरलेली ट्रॉली उलटी, न फिरणारी चाकं पुढे ठेवून जोरात ढकला. क्षणभर नीट जाईल, मग जराशी कलली की कलतच जाईल आणि गर्रकन वळून आडवी होईल. कारण आता वजन त्या चाकांच्या मागे आहे. चाकं घर्षणाने मागे खेचतात, मागचं वजन पुढे जायला धडपडतं, आणि दोन्ही एका रेषेत नसले की वजन बाजूने पुढे घुसतं. टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून ते जमिनीवर कायम या उलट्या ट्रॉलीच्या अवस्थेत असतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं. ते जरा तिरकं टेकलं तरी आपोआप सरळ होतं. टेलड्रॅगर तिरकं टेकलं तर ते आणखी तिरकं होतं.

हा चक्राकार घोळ सुरू झाला की त्याला ग्राउंड लूप म्हणतात. विमान स्वतःभोवती फिरतं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला लागतो, कधी चाकाचा पाय मोडतो. माणूस सहसा वाचतो, पण विमान हँगरमध्ये जातं. हार्वर्ड यासाठी बदनाम होतं. स्पिटफायरची चाकं एकमेकांच्या फारच जवळ असल्याने जमिनीवर ते डगमगायचं. हरिकेनची चाकं लांब-लांब, म्हणून ते त्या मानाने गरीब.

मग चाकं गुरुत्वमध्याच्या अगदी खाली का नाही ठेवत? कारण मग ब्रेक लागताच, किंवा चिखलात चाक रुतताच, विमान नाकावर उलटेल. चाकं जितकी पुढे, तितकी उलटण्याची भीती कमी आणि गिरकीची जास्त. आराखडा करणारे सर्वसाधारणपणे असा मेळ घालतात की, विमान समतल धरलं असता चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्याकडे काढलेली रेषा उभ्या रेषेच्या १६ ते २५ अंश मागे झुकलेली असावी. म्हणजे खोड पूर्ण काढता येतच नाही. उरलेली खोड वैमानिकाने पायांनी सांभाळायची. इथे 'पायांनी' हा शब्द शब्दशः घ्यायचा, कारण विमानाचं नाक डावी-उजवीकडे फिरवणारा रडर पायांखालच्या दोन पेडलांनी चालतो.

हे काम उड्डाणाच्या बरंच आधी सुरू होतं. समोरचं दिसत नाही, म्हणून हँगरपासून धावपट्टीपर्यंत विमान नागमोडी न्यायचं; नाक डावीकडे वळलं की उजव्या खिडकीतून पुढे बघायचं, उजवीकडे वळलं की डाव्या. वारा समोरून असेल तर स्टिक, म्हणजे हातातली नियंत्रणदांडी, पोटाशी ओढायची; त्याने शेपूट दाबून धरलं जातं. वारा मागून असेल तर स्टिक पुढे, नाहीतर तो शेपटीखाली घुसून तिला उचलतो. धावपट्टीच्या टोकाशी वळल्यावर थोडं पुढे सरकून मगच थांबायचं, म्हणजे मागचं चाक सरळ होतं. डाकोटासारख्या विमानात हे चाक सरळ स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असते. ते न करता निघालेल्या वैमानिकाची पुढची काही सेकंदं कठीण जातात.

आता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा. तो हळूहळू पुढे, स्टिक मागे, आणि नजर धावपट्टीच्या दोन्ही कडांवर. मधली पट्टी दिसत नाही, पण डावीकडची आणि उजवीकडची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांत सारखी दिसत राहिली पाहिजे. ताकद वाढली की नाक डावीकडे ओढ घेतं. याची कारणं चार आहेत. पंखा आत बसलेल्याला घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, तेव्हा विमानाचं धड उलट्या दिशेने पिळलं जाऊन डाव्या चाकावर जास्त भार येतो. पंख्याने मागे फेकलेला वारा धडाभोवती मळसूत्रासारखा फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकतो. नाक वर असल्याने पंख्याचं खाली येणारं उजवं पातं हवेला जास्त कोनात भिडतं आणि जास्त ओढतं. ही तीन एकदमच लागू होतात. चौथं कारण टपून बसलेलं असतं, त्याची पाळी शेपूट उचलताना येते. उपाय सगळ्यांवर एकच, उजवा पाय. ज्या इंजिनाचा पंखा उलटा फिरतो तिथे डावा. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाची ओढ डावीकडे. पुढच्या स्पिटफायरमध्ये ग्रिफॉन इंजिन बसवलं, त्याचा पंखा उलटा फिरायचा, आणि मर्लिनची सवय झालेल्या वैमानिकाने सरावाने उजवा पाय दाबला की तो थेट गवतात जाण्याचीच शक्यता. भारतीय हवाई दलाने ही दोन्ही प्रकारची स्पिटफायर वापरली.

वेग आला की स्टिक जराशी पुढे, आणि शेपूट उचलतं. समोरचं पहिल्यांदाच नीट दिसतं. नवख्याला इथे हायसं वाटतं आणि तिथेच तो चुकतो. फिरणारा पंखा हा एक मोठा भोवरा आहे. त्याची अक्षरेषा वरून खाली झुकवली की तो नव्वद अंश फिरवून उत्तर देतो, म्हणजे नाक पुन्हा डावीकडे. हेच ते चौथं कारण. शिवाय मागचं चाक आता हवेत, त्याचा आधार गेला. म्हणून शेपूट झटक्यात नाही, सावकाश उचलायचं, आणि उचलतानाच उजवा पाय थोडा जास्त दाबायचा. जमीन चिखलाची असेल तर ही पायरी बदलते. आपल्याकडच्या भाताच्या खाचरासारखी मऊ माती असली की शेपूट थोडंच उचलायचं, नाक वरच ठेवायचं, म्हणजे पंखांवर लवकर उचल येऊन पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि विमान चिखलातून सुटतं. मग लगेच वर चढायची घाई नको. जमिनीला लागूनच वेग घ्यायचा.

उतरणं मात्र खरी परीक्षा. त्याच्या दोन रीती आहेत आणि वैमानिकांत यावरून वाद चालतात.

पहिली रीत तिन्ही चाकं एकदम टेकवण्याची, थ्री-पॉइंट. धावपट्टीच्या अगदी जवळ, हातभर उंचीवर यायचं आणि मग विमानाला उतरू द्यायचं नाही. ते खाली बसू लागलं की स्टिक थोडी मागे. पुन्हा बसू लागलं की आणखी मागे. वेग कमी होत जातो, नाक वर येत जातं, आणि पंखांची उचल संपते त्याच क्षणी स्टिक पोटाला टेकलेली असते आणि तिन्ही चाकं जमिनीला. हे जमलं की सगळ्यात कमी वेगात उतरणं होतं, आणि त्याचं मोल मोठं आहे: गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, वेग २० टक्के जास्त असला तर गिरकीत खर्ची पडायला ४४ टक्के जास्त ऊर्जा शिल्लक असते. खडबडीत मैदानावर, छोट्या जागेत हीच रीत.

यातली नेहमीची फजिती म्हणजे उसळी. वेग जास्त असताना पुढची चाकं आधी आपटली की मागचं वजन शेपटीला खाली ओढतं, त्यामुळे पंखांचा वाऱ्याशी कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत. आता वैमानिक घाबरून स्टिक पुढे रेटतो, विमान आणखी जोरात आपटतं, आणखी उंच उडतं. बेडूकउड्या सुरू झाल्या की हाताने त्यांचा पाठलाग करू नये. छोटी उसळी असेल तर आहे ती स्थिती धरून, थोडी ताकद देऊन पुन्हा टेकावं. मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे आणि निघून जावं.

दुसरी रीत व्हील लँडिंगची. शेपूट उंच ठेवून, जवळजवळ समतल स्थितीत, फक्त पुढच्या दोन चाकांवर टेकायचं. खाली येण्याचा वेग अगदी नाममात्र हवा. चाकं जमिनीला लागली की लगेच स्टिक किंचित पुढे. पंखांचा कोन कमी झाला की उचल जाते आणि विमान जमिनीला चिकटतं. जमिनीला लागलेलं असताना स्टिक पुढे करायला मन धजत नाही, आणि जास्त पुढे केली तर पंखा धावपट्टीला लागेल हे खरं आहे. म्हणून ही रीत शिकायला जास्त वेळ जातो. पण समोर दिसतं, रडरवर वारा भरपूर असतो, म्हणून जोराच्या वाऱ्यात बरेच जण हीच पसंत करतात. डाकोटा तर सहसा असंच उतरवलं जाई. नंतर वेग ओसरत गेला की शेपूट आपण होऊन पडायच्या आधी हलकेच खाली आणायचं आणि मग स्टिक पूर्ण मागे. माझ्या मते कुठली रीत श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. मैदानाची पोरं पहिली शिकली, धावपट्टीने दुसरी शिकवली.

कारण आडवा वारा. समजा वारा उजवीकडून आहे. उजवा पंख वाऱ्यात खाली झुकवायचा, म्हणजे विमान वाऱ्याबरोबर वाहून जात नाही. आणि डाव्या पायाने नाक धावपट्टीच्या रेषेत धरायचं. आधी उजवं चाक टेकेल, मग डावं, मग शेपूट. एका चाकावर उतरणं बघणाऱ्याला चूक वाटतं, पण तेच बरोबर. टेकल्यावर वेग कमी होऊ लागला की पंख झुकवणाऱ्या झडपांचा, म्हणजे एलेरॉनचा, परिणाम घटतो, म्हणून स्टिक उजवीकडे कमी करायची नाही, वाढवत न्यायची. आणि विमान वाऱ्याकडे तोंड करू पाहणार, कारण शेपटीचा उभा पंख आणि बहुतेक धड मुख्य चाकांच्या मागे आहे. नाकाखाली चाक असतं तर त्याने अडवलं असतं. इथे अडवायला फक्त पाय.

सगळ्यात फसवा काळ उतरून झाल्यानंतरचा. हवेत आणि वेगात रडर चालतो. इंजिन मंद, वेग कमी, मग रडरवरून वाराच जात नाही. गिरकी बहुतेक वेळा या टप्प्यात येते, उतरणं छान झालं म्हणून पाय सैल सोडल्यावर. पेडलांवर सतत छोटे-छोटे ठोके देत राहायचे. नाक हललेलं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. स्पिटफायर चालवणारे तर उतरताना शेवटपर्यंत वळणातच असायचे, कारण सरळ आलं की लांब नाकाआड धावपट्टी झाकली जायची. वळणात असताना कडेने ती दिसते. टेकण्याच्या जरा आधी सरळ व्हायचं.

युद्धानंतर जगाने नाकाखालचं चाक स्वीकारलं. धावपट्ट्या पक्क्या झाल्या, आडवा वारा नेहमीचा झाला, शेपटीच्या चाकाचे फायदे उरले नाहीत. आपल्याकडे मात्र ते बरीच वर्षं चाललं, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे केले. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडालं. मग अमेरिकेच्या एरॉन्का चीफच्या धर्तीवरचं, दोन माणसांचं, कापडी आवरणाचं, ९० अश्वशक्तीचं पुष्पक २८ सप्टेंबर १९५८ रोजी. दोन्हींना मागे चाक. पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांना दिलं गेलं आणि पुढे वैमानिक झालेल्या कितीतरी मुला-मुलींनी पेडलांवरचे पहिले ठोके त्याच्यावर दिले. शेतांवर फवारणीसाठी बनवलेलं बसंत हे विमानसुद्धा तसंच. घाटग्यांची निवड मागासलेली म्हणणं सोपं आहे, पण क्लबांची मैदानं कशी होती ते पाहिलं तर ती शहाणपणाची होती. हवाई दलात एचटी-२ची जागा नंतर दीपकने घेतली. त्याचं तिसरं चाक नाकाखाली होतं.

अमेरिकेत आता टेलड्रॅगर चालवण्यासाठी वेगळी नोंद लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी ज्यांनी अशी विमानं वैमानिक म्हणून चालवली त्यांना सूट, बाकीच्यांनी शिक्षकाकडून लॉगबुकात सही घ्यायची. त्या सहीसाठी साध्या आणि आडव्या वाऱ्यातलं उडणं-उतरणं, व्हील लँडिंग आणि उतरणं सोडून परत वर जाणं, एवढं दाखवावं लागतं. शेवटची गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. वेग कमी, नाक वर, अशा अवस्थेत थ्रॉटल एकदम पुढे गेला की डावीकडची ओढ सगळीच्या सगळी एका क्षणात अंगावर येते, आणि रडरवर वारा पुरेसा नसतो. म्हणून शिक्षक आधी उजव्या पायाकडे बघतात, मग हाताकडे. पाय पेडलावर दाबायला लागला असेल तरच थ्रॉटल, तोही दोन-तीन सेकंद घेऊन; नाक सरळ राहिलं की जमिनीला समांतर वेग घ्यायचा आणि चढणं त्यानंतर.